पाहुण्याची गाडी

सरकारी गाड्यांच्या तळावर बावीस वर्षं काढलेल्या त्या चालकाला सगळे ‘मास्तर’ म्हणत. नवे येणारे त्याच्याच हाताखाली शिकत. परदेशातून मोठा पाहुणा आला की काळी गाडी मास्तरकडे, हे ठरलेलं. पण त्या बुधवारी ड्युटीच्या फळ्यावर त्यानं पाहुण्याचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

पाहुणा शेजारच्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. त्याच्या नावाचं आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट निघून दोन वर्षं झाली होती. मास्तरची बायको त्याच देशातली. तिचा धाकटा भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी शिपायांनी त्याला भर वर्गातून उचललं, तो परत आलाच नाही. वॉरंटसोबत चारशे बेपत्ता माणसांची यादी होती, तिच्यात त्याचंही नाव होतं.

मास्तर तळाच्या साहेबांकडे गेला. “साहेब, दुसऱ्या कुणाला पाठवा. माझं पोट बिघडलंय.”

“बावीस वर्षांत नाही बिघडलं ते?” साहेबांनी मान वर केली. “खरं काय ते बोल.”

खरं बोलावं तर बायकोची चौकशी लागणार, घरावर पहारा बसणार. मास्तर म्हणाला, “काही नाही. औषध घेतो.”

घरी त्यानं बायकोला सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

“मग तुम्ही त्याला थेट कोर्टात न्या ना,” ती म्हणाली. “स्टिअरिंग तर तुमच्याच हातात.”

“अगं, पुढे दोन गाड्या, मागे चार. शेजारी पिस्तूलवाला. स्टिअरिंग नावालाच माझ्या हातात.”

“पण वॉरंट आपल्या सरकारनंही मानलंय ना?”

“मानलंय. पण पाहुण्याला हात लावत नाहीत म्हणे.”

ती पुन्हा भाजी निवडू लागली. चांगली पानंही ती टाकून देत होती. मास्तरला ते दिसलं.

गुरुवारी राष्ट्राध्यक्ष गाडीत बसला. कोर्टाची इमारत वाटेतच होती. तिथे मास्तरचा पाय आपोआप हलका झाला, गाडी जराशी मंदावली.

“चला, चला,” शेजारचा अंगरक्षक म्हणाला.

सिग्नल सगळे हिरवेच होते, त्याच्यासाठीच केलेले. मास्तरनं वेग वाढवला.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, “कसा आहे दिसायला?”

“म्हातारा. सर्दी झालीय. एसी कमी करायला लावला, मग झोपला.”

“झोपला?”

“घोरत होता.”

ती भिंतीकडे वळली. मग म्हणाली, “माझी आई अकरा वर्षं झोपेची गोळी घेतल्याशिवाय झोपली नाही.” मास्तरनं तिच्या हातावर हात ठेवला, तिनं तो हळूच बाजूला केला. रागानं नव्हे, तिला उठायचं होतं, एवढंच.

शुक्रवारी पाहुण्याला विमानतळावर सोडायचं होतं. निघताना ती दारापर्यंत आली. “विमान उडालं की फोन करा.”

“कशाला जिवाला त्रास?”

“करा.”

गालिचा अंथरला होता, बँड वाजला. आपले मंत्री वाकून हात मिळवत होते. त्याआधी गाडीतून उतरताना राष्ट्राध्यक्षानं मास्तरच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, “छान चालवता.” मास्तरच्या तोंडून सवयीनं “आभारी आहे, साहेब” निघून गेलं.

पावणेदहाला विमान उडालं. त्यानं फोन लावला.

“गेला,” तो म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली. फोन तिनं ठेवला नाही, त्यानंही ठेवला नाही.