मानीबाईनं तिकडं काय म्हटलं

मानीबाई विमानातून उतरली, रेल्वेतून उतरली, दिग्रसच्या मोटारीतून उतरली, आणि तांड्यात येऊन चार दिवस होत नाहीत तोच तिच्यावर नसाब बसला. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. कोणाची गाय कोणाच्या तुरीत शिरली इथपासून कोणाची बायको कोणाच्या घरात राहील इथपर्यंत सगळा न्याय तिथंच होतो. या खेपेला ठरायचं होतं ते एवढंच, की मानीबाईनं हिरासिंगच्या घरात राहायचं की नाही.

सरकारची गोष्ट वेगळी. सरकारनं तिला यवतमाळात हार घातला होता. तिथं एका शहाण्या बाईनं विचारलं होतं, "परदेशात तुम्हांला सर्वांत जास्त काय आवडलं?" मानीबाई म्हणाली, "झोप." लोक हसले. ती थट्टा करत नव्हती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिला पहाटे कोणी हाक मारली नव्हती.

हे सगळं घडवलं कलेच्या खात्यातल्या एका साहेबांनी. एकसष्टच्या होळीला ते जीपमधून तांड्यात आले, बायांचा नाच पाहिला, आणि हा तांडा आपल्याला सापडला असं चारचौघांत सांगत सुटले. तांडा हरवला होता हे तांड्याला माहीत नव्हतं. तिकडं गाण्याची मोठी जत्रा भरते, देशोदेशींचे लोक येतात, दोन दिवस गाणं आणि मग आठ दिवस सरकारी खर्चानं फिरणं, असं त्यांनी सांगितलं. दोन-तीन तांड्यांतल्या मिळून आठ जणी त्यांनी निवडल्या. त्यात मानीबाई आणि तिची नणंद जमनी. जमनी कुंवार होती, केळापूरकडे तिची सगाई ठरलेली होती. हिरासिंगनं बायकोला आणि बहिणीला जाऊ दिलं ते कलेसाठी नाही. त्याला रेडिओ पाहिजे होता. मानीबाईनं त्याला साबणाच्या वड्या आणून दिल्या.

बायांनी तिला विहिरीवर गाठून खोदून खोदून विचारलं होतं. "खायले काय होतं वो?"

"आलू."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"आलूच. पन कुचकरलेले."

भिंतीतून गरम पाणी येतं, हे कोणाला पटलं नाही. एक माणूस शेळीच्या कातड्याची पिशवी काखेत दाबून तिला रडवत होता आणि त्यालाच तिकडं गाणं म्हणतात, हे लगेच पटलं. मग ती म्हणाली, "एका मोठ्या घरात आपल्यासारखाच घागरा पाह्यला. आरसे, कवड्या, सारं. काचेच्या कपाटात टांगला होता. साहेब म्हने, पाहा, तुमचा किती मान हाय. मी म्हटलं, जिचा हाय ते बाई कोठी हाय? साहेबाले ठाव नोहोतं."

इथपर्यंत ठीक होतं. पण जमनी तोंडाची उघडी. वहिनीचं कौतुक करता करता ती बोलून गेली, "तिथं माह्या भावजयीनं हवेली म्हटली. सारे उभे राहून टाळ्या वाजवत होते!"

विहिरीवरच्या बायांनी अर्ध्या भरलेल्या घागरी उचलल्या. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट तांड्याच्या नायकाच्या कानावर गेली.

हवेली म्हणजे नवरीचं रडगाणं. लग्न लागलं की नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहते, हात वर करते, आणि बापाच्या तांड्याचा निरोप घेते. एकदाच. ती म्हटली की त्या घरातून बाई गेली. कुंवार पोरीनं ती म्हणायची नाही, म्हटली तर सासर मिळत नाही. आणि नांदत्या बाईनं पुन्हा म्हटली, तर तिनं नवऱ्याचं घर सोडलं असं या तांड्यात धरतात. साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी कोणाला विचारलंही नव्हतं. त्यांनी कार्यक्रमात छापूनच टाकलं होतं : नवरी बैलावर उभी राहून गाणार. नवरी म्हणून त्यांनी जमनीला उभं केलं, कारण ती दिसायला बरी.

जमनी वहिनीच्या मागं जाऊन उभी राहिली. मानीबाई म्हणाली, "साहेब, कुंवार पोरीले हे म्हनता येत नाही."

"अंधश्रद्धा," साहेब म्हणाले. विमानात चढताना त्यांच्या वरच्या खिशात कुलदेवीच्या अंगाऱ्याची पुडी होती, ती मानीबाईनं पाहिली होती. पण ती पुडी शिकलेल्या माणसाची.

"मंग मी म्हन्तो," मानीबाई म्हणाली.

बैल म्हणून तिकडच्या लोकांनी गाय आणली. म्हशीएवढी, अंगावर काळी-पांढरी ठिगळं, आणि कास अशी की जमिनीला लागते की काय. तिच्यावर उभं राहू देईनात. मानीबाईनं नुसता पाठीवर हात ठेवला. साहेबांनी पुढं होऊन लोकांना सांगितलं, की हे सुगीच्या आनंदाचं गीत आहे. लोकांना आनंद झाला. मानीबाईनं गळा काढला, बाप, याडी म्हणजे आई, गोठा, कुत्रं, एकेकाचं नाव घेऊन ती रडायला लागली, आणि पाच हजार माणसं तालावर टाळ्या वाजवायला लागली. ती जितकी रडे तितक्या ते जोरानं वाजवत. पुढच्या रांगेत एकच म्हातारी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही.

आता नसाब बसला होता लिंबाखाली. मधोमध नायक गुलाबसिंग, त्याच्या उजव्या हाताला कारभारी भीमसिंग. बाया मागं. हिरासिंग एका बाजूला, शेजारी त्याचा बैल बांधलेला. गुलाबसिंग आयुष्यात पुसदच्या पलीकडं गेला नव्हता. पाण्यापलीकडं काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्याच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं.

"हवेली म्हटली का नाही?"

"म्हटली."

"काहून?"

"पोरीवर आलं होतं. मी आंगावर घेतलं."

"पोरीवर येवो का तिच्या बापावर. तू नांदती बाई. हिऱ्याच्या घरातून तू निघाली, असा त्याचा अर्थ होते."

"दुसऱ्यांदा म्हटली तं होते, नायक," मानीबाई म्हणाली. "मी पह्यल्यांदाच म्हटली. माह्या लग्नात मी एवढीशी होती. झोपली होती. माह्या फुफीनं, बापाच्या बहिनीनं म्हटली."

लोक कुजबुजले. मानीबाईची सासू लालीबाई काठी टेकत उठली. सुनेचं आणि तिचं काही फार बरं नव्हतं. साबणाची वडीही तिनं वास घेऊन बाजूला ठेवली होती.

"खरं हाय," ती म्हणाली. "खांद्यावर घेऊन आनली मीच तिले. वाटभर लाळ गाळली माह्या कांचळीवर. अन् गुलाब्या, तुह्या आज्यानं बैलावर माल लादून पार समिंदरापर्यंत जाऊन मीठ आनलं. त्याच्यावर कोन नसाब बसवला होता रे?"

हशा झाला. गुलाबसिंगला हसू आवडत नसे, स्वतःचंसुद्धा.

"फुफीनं म्हटली म्हनजे तिनंच म्हटली," तो म्हणाला. "पन एक गोष्ट पाहा लागन. तोंडदेखली म्हटली, का मनातून म्हटली? तोंडदेखली असन तं दंडावर भागवू. मनातून म्हटली असन तं बाई गेली." त्यानं मानीबाईकडं पाहिलं. "तिथं म्हटली तशीच इथं म्हन. आमी आयकतो."

न्याय असा होता. ज्या गोष्टीसाठी बाईला घराबाहेर काढायचं, तीच गोष्ट पंचांना फुकटात ऐकायची होती. पाच हजार गोऱ्यांनी ऐकली, मग हे कोण मागं राहणारे?

मानीबाई उठली. पदर नीट केला. ती भ्याली होती, पण भीतीखाली दुसरंच काहीतरी होतं, ते तिला त्या गायीच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा पहिल्यांदा कळलं होतं. त्या गाण्यात तिनं बापाच्या गोठ्याचं नाव घेतलं होतं. मग पुढं, कोणाला कळणार नाही म्हणून, हिरासिंगच्या चुलीचंही घेतलं होतं. मनातून म्हटली होती. टाळ्या संपल्या तेव्हा परत यायचं की नाही हे तिला थोडा वेळ आठवत नव्हतं. आठवलं ते जमनीमुळं. पोरगी तिच्या घागऱ्याला धरून उभी होती.

"म्हन्तो," ती म्हणाली. "तोंडदेखली मले म्हनता येत नाही. अन् बैलाबिगर इथं म्हनत नाही. बैल द्या. म्हटली का मी निघाली, मंग मांगून बोलवू नका. हा तुमचाच कायदा हाय."

सगळे हिरासिंगकडं पाहायला लागले. तांड्यात ज्याचं घर सोडायचं त्याचा बैल. हिरासिंग उठला. त्यानं दावं सोडलं. बैलाला वळवलं आणि नाल्याच्या वाटेला लावलं.

"कोठी चालला बे?" गुलाबसिंग ओरडला.

"पान्यावर."

"आत्ता?"

"तहानला हाय."

बैल नुकताच पाणी पिऊन आला होता. तो जागचा हलेना. हिरासिंगनं त्याची शेपटी पिरगाळली, खांदा लावला, शिव्या दिल्या, आणि सबंध नसाबासमोर त्या भरल्या पोटाच्या जनावराला रेटत रेटत नाल्याकडं नेलं. मागं वळून पाहिलं नाही.

कारभारी भीमसिंगला आपली अक्कल दाखवायची संधी वाटली. "त्यात काय, माहा बैल आनतो."

मागून त्याची बायको रुक्माबाई म्हणाली, "आना ना. मानी उतरली का त्याच्यावर मी चढतो. माही हवेलीबी तोंडदेखलीच झालती."

बाया हसल्या. मग एक-दोघी हसायच्या थांबल्या आणि भीमसिंगच्या घराकडं, जिथं बैल बांधला होता, तिकडं पाहायला लागल्या. ते गुलाबसिंगला दिसलं. तो नायक होता, मूर्ख नव्हता. बैल नाही तर हवेली नाही, आणि हवेली नाही तर गुन्हा सिद्ध नाही, असा निवाडा त्यानं घाईघाईनं दिला. नसाब चालू असताना उठून गेल्याबद्दल हिरासिंगवर एक बोकड बसवला. बोकडाशिवाय आजवर एकही न्याय पुरा झाला नव्हता.

हिरासिंग दिवस कलल्यावर परतला. बैलाला बांधलं, हातपाय धुतले, साबण न लावता. चुलीपाशी येऊन बसला.

"खरंच मनातून म्हटली?"

मानीबाईनं भाकरी उलटली. "हो."

"अन् तरी आली."

"जमनीले कोन आनलं असतं?"

त्यानं मान हलवली. हे उत्तर त्याला पुरलं नाही, पण दुसरं मागायची हिंमत नव्हती. तो म्हणाला, "थोडीशी म्हन ना. हळू. नुसतं मले आयकू येईन येवढी."

"नाही."

"त्या गोऱ्यायले आयकवली."

"त्यायले समजली नाही म्हनून आयकवली."

हिरासिंगनं थाळी पुढं ओढली. तिनं भाकरी त्याच्या थाळीत टाकली, वर मिरचीचा ठेचा घातला, आणि दुसरी थापायला घेतली.

"बोकड कोनता देतो?" तिनं विचारलं.

"लंगडा."

"देऊन टाक," ती म्हणाली.