तीन क्रेदोंचं अंतर

नव्या रस्त्यावर दरड कोसळली आणि त्याच सकाळी दुल्सीला कळा सुरू झाल्या. बाळ पायाळू. डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं की घरी बाळंतपण करायचं नाही, कळ आली की सरळ जिल्ह्याच्या इस्पितळात यायचं. रुग्णवाहिका दरडीच्या पलीकडे अडकलेली. नवरा फिर्मिनु लक्झेंबर्गला, बांधकामावर. घरात सासू झुल्मिरा आणि दाराशी ओरासियुची टॅक्सी, एवढंच काय ते होतं.

"काकू, जुन्या रस्त्यानं म्हणताय?" ओरासियुनं टोपी मागं सारली. "नवा पूल झाल्यापासून त्या घाटात शेळ्यासुद्धा जात नाहीत."

"शेळ्या जात नसतील, मी जाते. गाडी काढ. दुल्सी, तू कुशीवर हो, बाळा."

जुना रस्ता गावच्या देवळामागून निघतो, चेस्टनटच्या राईतून वर चढतो, सांता ओव्हायाच्या खिंडीत जरा दम खातो आणि मग नदीचा हात धरून खाली उतरतो. फार पूर्वी ती मीठ वाहणाऱ्या खेचरांची वाट होती. राजाच्या अमदानीत ती घोडागाड्यांसाठी रुंद झाली. ज्यांनी ती आखली त्यांनी डोंगराशी भांडण मांडलं नाही. लादलेला बैल न थांबता चढेल एवढाच चढ ठेवला, मग वळणं कितीही पडोत. झुल्मिरा नवरी होऊन आली त्या वर्षी त्यावर डांबर पडलं. जायला एक पट्टा, यायला एक. त्याहून जास्त जागा त्या रस्त्यानं कुणाकडं मागितली नाही.

तिचा नवरा ऑरेलियु त्या रस्त्याचा राखणदार. सरकारनं असे राखणदार नेमून प्रत्येकाला रस्त्याचा एकेक तुकडा दिला होता. ऑरेलियुच्या वाट्याला खिंड आणि पलीकडचा उतार आला. गटारं उपसायची, खड्डे बुजवायचे, कडेच्या झाडांना चुन्याचे पट्टे ओढायचे. तो गेला तशी ती नोकरीही गेली. चुन्याचं काम मात्र झुल्मिरानं चालू ठेवलं. दर ईस्टरच्या आधी उपासाच्या दिवसांत ती बादली घेऊन निघे. वळणावळणावर मृतात्म्यांचे दगडी कोनाडे आहेत, तिथे एकेक प्रार्थना म्हणे आणि पुढं जाई. प्रार्थना घाईनं म्हणायची नाही, असं तिचं व्रत होतं. शब्द ओठांवर आला की तो मनातून जाऊ द्यायचा, मगच पुढचा.

खिंडीत धुकं दाटलं आणि नेमका तिथेच ओरासियुचा फोन लागला; त्यानं तो झुल्मिराच्या हाती दिला. पलीकडे इस्पितळातली नर्स होती, बोलण्यावरून याच डोंगरातली.

"मावशी, दोन कळांमध्ये किती वेळ जातो?"

"तीन क्रेदो."

या डोंगरात अंडं उकडायचं तरी क्रेदो म्हणून उकडतात. ती श्रद्धेची प्रार्थना साऱ्यांना पाठ, तेव्हा नर्सला काही समजावून सांगावं लागलं नाही. पण तिचा आवाज एकदम बदलला.

"तीनच? अहो, मग बाळ वाटेतच येणार. घड्याळ नाही का कुणाकडं?"

"गाडीतलं नाताळपासून बंद आहे," झुल्मिरा म्हणाली, आणि फोन तुटला. हातातल्या फोनवरही वेळ दिसते, हे त्या क्षणी तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

ओरासियुनं गाडी बाजूला घेतली. "काकू, राखणदाराचं जुनं घर पुढंच आहे. छप्पर शाबूत आहे. तिथे थांबू. या धुक्यात मी आणखी दोन जिवांची जबाबदारी घेत नाही."

"आई, थांबायचं नाही," दुल्सी कण्हत म्हणाली. "पायाळू आहे गं."

समोरच्या कोनाड्यात दिवा विझलेला होता. झुल्मिरानं क्रूसाची खूण केली. 'आजवर मी तुमच्यासाठी म्हणत आले,' ती मनात त्या मृतात्म्यांना म्हणाली, 'आज तुम्ही माझ्यासाठी म्हणा.'

"ओरासियु, पांढरे पट्टे दिसतायत ना?"

"झाडांचे? दिसतायत."

"ते उजव्या हाताला ठेव आणि रस्ता नेईल तसा चल. पळवू नकोस. इथं पळवायची गरजच पडत नाही."

"आणि समोरून कुणी आलं तर?"

"शेळ्यासुद्धा येत नाहीत म्हणालास ना."

त्याही अवस्थेत दुल्सीला हसू फुटलं. गाडी निघाली. एक झाड धुक्यातून पुढं येई, मागं सरे, की लगेच दुसरं येई. वळण येतंय हे कळायच्या आतच गाडी वळलेली असे, इतक्या हळुवार हातानं तो उतार काढलेला होता. ओरासियुला ब्रेकवर पाय नुसता टेकवावा लागत होता. कळ येई, झुल्मिरा सुनेचा हात घट्ट धरे. कळ ओसरली की पुन्हा सावकाश क्रेदो सुरू. आणि त्या मधल्या वेळात दुल्सी चक्क डुलकी घेऊ लागली.

"हा रस्ता असा आहे होय," ओरासियु हळूच म्हणाला. "इतकी वर्षं मी पुलावरून जातोय."

इस्पितळाच्या दारात नर्स स्ट्रेचर घेऊन धावत आली. "बाळ कुठाय?"

"पोटात," झुल्मिरा म्हणाली.

डॉक्टरांनी तपासलं. वेळ होता, ऑपरेशनची तयारी नीट करण्याइतका. नर्स बाहेर आली ती कमरेवर हात ठेवून. "मावशी, एक क्रेदो म्हणून दाखवा बरं."

झुल्मिरानं डोळे मिटले आणि सुरुवात केली. नर्स या पायावरून त्या पायावर झाली, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. अर्ध्यावर आल्यावर तिला राहवेना.

"माझी आजी एवढ्यात कोबी शिजवायची."

"तुझ्या आजीला घाई असेल," झुल्मिरा म्हणाली आणि उरलेला अर्धा पुरा केला.

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. फिर्मिनुचा फोन आला तेव्हा तो आधी रडला, मग म्हणाला, "आई, टीव्हीवर तर रस्ता बंद दाखवतायत. तुम्ही आलात कुठून?"

"जुन्यानं."

"उतारावर दुल्सीचे फार हाल झाले का गं?"

"नाही रे," झुल्मिरा म्हणाली. "झोपली होती."