शालीखालची चिठ्ठी

गुरुवारी चार वाजता दवाखान्याच्या नोंदणीखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांनाही माणसं लोंबकळत होती. टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी टेलिफोनच्या तारेला जोडलेली चपटी डबी, म्हणजे मोडेम, आणि या सगळ्यावर पांघरलेली काळी शाल. त्या शालीत गेले सहा महिने दर गुरुवारी येणारे मोडेममहाराज कमरेपासून वर गडप झाले होते.

"शांत! तारेतले जागे होतायत," आतून घुमलेला आवाज आला. "ज्याच्या मनात संशय असेल त्यानं बाहेर व्हावं. मागाहून आजार वाढला तर आमच्याकडे रडत यायचं नाही!"

बाहेर कोण जातंय? तेवढ्यात डबी किंचाळली. आधी शिट्टी, मग खरखर, मग चिरका आवाज. एका म्हातारीनं हात जोडले. प्रिंटर खडखडला आणि शहरातल्या प्रयोगशाळेचे आठवडाभराचे अहवाल एकामागून एक बाहेर पडू लागले.

"कारकून आठ दिवस बोटं झिजवतो, काही होत नाही," भाजीवाली शेजारणीला म्हणाली. "महाराज आले की पाच मिनिटांत!"

मागे भिंतीला टेकून एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. नोकरीची शेवटची सहा वर्षं त्यांनी शाळेतल्या अशाच मशीनवर मुलांना शिकवलं होतं. हा आवाज म्हणजे फोनवरून दोन यंत्रांनी एकमेकांशी जुळवून घेणं. मुलं त्याची नक्कल करून वर्ग डोक्यावर घेत. बाईंना हसू आलं. बोलावंसंही वाटलं. पण आत चार नंबरच्या खाटेवर त्यांचा धाकटा भाऊ होता. त्याचा पाय सुजला होता आणि जखमेतला पू त्याच सकाळी तपासायला गेला होता. कोणतं औषध लागू पडेल ते त्या अहवालावरून ठरणार होतं. ज्यांच्या हाती भाऊ, त्यांच्याशी कशाला वाकडं घ्या? बाई गप्प राहिल्या.

दक्षिणा घेऊन निघताना महाराजांनी पुन्हा शालीत शिरून 'बंधन' घातलं आणि कारकुनाला बजावलं, "मधल्या दिवसांत पडद्यावर एक ओळ उमटेल. ती कोपाची. वाचायची नाही, झाकायची!"

सोमवारी बाई नोंदणीखोलीत गेल्या. "अहवाल काल तयार व्हायला हवा होता म्हणतात डॉक्टर."

कारकुनानं फोन लावण्याचा प्रोग्राम चालवला. ओळ उमटली. त्यानं चटकन पडद्यापुढे पुठ्ठा धरला.

"कालही हेच. रागावलंय."

"मग प्रयोगशाळेत फोन करून विचारा ना."

"तोंडी सांगत नाहीत ते. औषधाच्या नावात चूक झाली तर निस्तरायचं कोणी? आणि महाराज गुरुवारी येतातच की, बाई."

बाई परत फिरल्या. मंगळवारी भावाचा ताप चढला. बुधवारी सकाळी तो त्यांना आई समजून बोलू लागला. त्या तशाच उठून नोंदणीखोलीत आल्या.

"पुठ्ठा काढा."

"बाई, नको हो. महाराजांनी—"

"माझ्या वर्गात असतात तर एव्हाना बाकावर उभे असतात. काढा!"

पुठ्ठा बाजूला झाला. ओळ इंग्रजीत, पण साधी होती. बाईंनी ती मोठ्यानं मराठीत सांगितली: "मोडेमची वाट अडलेली आहे. अडवणारं काम, क्रमांक एक."

कारकुनानं डोळे मिटले. काहीच झालं नाही. त्यानं एक डोळा उघडला.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. वर्गात चौथ्यांदा समजावताना लागायचा तोच आवाज लागला होता. "फोन लावणारा प्रोग्राम आधी मशीनमध्ये एक चिठ्ठी ठेवतो. वाट माझ्याकडे आहे, माझा क्रमांक अमुक. काम झालं की तो चिठ्ठी काढून घेतो. चुकून राहिलीच, तर पुढचा प्रोग्राम बघतो, या क्रमांकाचं काम अजून जिवंत आहे का? नसेल तर चिठ्ठी फेकतो आणि पुढे जातो."

"मग ही का नाही फेकत?"

"कारण क्रमांक एक म्हणजे मशीन सुरू होताच उठणारं पहिलं काम. मशीन बंद होईपर्यंत ते मरत नाही. त्याला फोनशी काही देणंघेणं नाही. त्याच्या नावानं कुणीतरी खोटी चिठ्ठी ठेवलीय. रिकाम्या न्हाणीघराला बाहेरून 'आत माणूस आहे' अशी पाटी लावावी, तशी."

त्यांनी चिठ्ठी शोधली. नावापुढे ती ठेवल्याची वेळ होती: गुरुवार, चार वाजून चाळीस मिनिटं.

"त्या वेळी शालीखाली कोण होतं?" बाईंनी विचारलं.

कारकुनानं पुठ्ठा टेबलाखाली सरकवला. बाईंनी चिठ्ठी पुसली आणि प्रोग्राम चालवला. डबी किंचाळली. कारकुनाचे हात आपोआप जुळले.

"खाली घ्या ते हात," बाई म्हणाल्या.

चार नंबरच्या खाटेचा अहवाल आला. वर लिहिलं होतं, तयार: रविवार, सकाळी दहा. चालू औषध: निरुपयोगी.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे इंजेक्शन बदललं. पण पू हाडात गेला होता. गुरुवारी सकाळी भावाचा पाय घोट्यापासून काढावा लागला.

दुपारी चारला खोली पुन्हा भरली. महाराज शाल झटकत आले तेव्हा खुर्चीवर बाई बसल्या होत्या. त्यांनी सगळ्यांदेखत फोन लावून दाखवला.

"आमची पावलं उंबऱ्याला लागली म्हणून झालं!" महाराज हसून म्हणाले.

"असं?" बाईंनी मागच्यासारखीच चिठ्ठी मशीनमध्ये परत ठेवली आणि खुर्ची सोडली. "आता लावा. शाल माझ्याकडे द्या. हात सगळ्यांना दिसू देत."

महाराजांनी शाल छातीशी धरली. "उघड्यावर ते बोलत नाहीत."

"कोण? तारेतले? त्यांना लाज वाटते?"

मागे कुणीतरी खुसखुसलं. दारातून डॉक्टर म्हणाले, "असली मशीनं विकणाऱ्या दुकानात होता हा नोकरीला. मला माहीत होतं. मी म्हटलं, अहवाल येतायत ना, आपल्याला काय करायचंय."

बाईंनी भाजीवालीला पुढे बोलावलं, कुठली कळ दाबायची ते दाखवलं. तिनं चिठ्ठी पुसली, फोन लावला. डबी किंचाळली. भाजीवाली स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. गर्दीतून वाट काढत महाराज निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही.

"तरीपण," ती म्हातारी म्हणाली, "माणसाच्या हाताला गुण होता हो."

बाईंना ओरडावंसं वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. "आजी, ती ओळ पंचवीस आठवडे पडद्यावर येत होती. काय बिघडलंय ते तिनं दरवेळी सांगितलं. आपण पुठ्ठा धरला. कुणी वाचू नका म्हणालं, की आधी तेच वाचा. येत नसेल तर येणाऱ्याला विचारा. आणि येत असेल, तर गप्प राहू नका."

संध्याकाळी भाऊ शुद्धीवर आला. पांघरुणाच्या सपाट टोकाकडे बराच वेळ बघत होता.

"ताई, सिस्टर म्हणत होत्या, तू महाराजांचं ढोंग पकडलंस. कधी कळलं तुला?"

बाईंनी त्याचा हात हातात घेतला. "मागच्या गुरुवारी," त्या म्हणाल्या.