आधी डोळ्यांचे विषय

"नाही म्हणजे नाही. आधी पायरी, मग मजला." मॅडमनी विषयांचा तक्ता परत मुलीपुढे सरकवला.

उपयोजित गणित आणि संख्याशास्त्राच्या पदवीला कोणता विषय कुठल्या सत्रात घ्यायचा, हे पाहून सही करण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. एकाही पोराला त्यांनी पायरी गाळू दिली नव्हती, म्हणून पोरं पाठीमागे त्यांना 'पायरीबाई' म्हणत. वर्गात कुणी पेंगलं, की "डोळे मिटून गणित होत नाही!" ही आरोळी ठरलेली. फळ्याकडे तोंड केलं की मात्र त्या मुकाट्याने लिहीत सुटायच्या. लिहिलेलं दिसतंय ना, मग बोलायचं कशाला?

समोरची मुलगी पहिल्या वर्षाची होती आणि तिने सगळा उलटा कारभार मांडला होता. आलेखांचा तिसऱ्या वर्षाचा विषय दुसऱ्याच सत्रात, त्याच्या जोडीला भूमिती, आणि बीजगणित पार शेवटी.

"हे म्हणजे आधी कळस, मग पाया! एवढी कसली घाई गं? घोडं कुठं पेंड खातंय, ते तरी सांग."

मुलीचा गुडघा टेबलाखाली एकसारखा हलत होता. त्याने कपातला चहासुद्धा डुचमळत होता.

"माझे डोळे जाणारेत, मॅडम. आमच्या घरातच आहे ते. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही गेलं. तिसऱ्या वर्षी मला वाचता येईल की नाही, डॉक्टरांना सांगता येत नाही. म्हणून जे बघून शिकायचं ते आधी घेतलं. जे ऐकून, डोक्यात करता येईल ते नंतर."

मॅडम उठल्या. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. चष्मा पुसायला काढला आणि तिच्यासमोर पुसायची लाज वाटून तसाच पुन्हा घातला.

"आधी का नाही बोललीस?"

"सांगितलं की लोक बसायला खुर्ची देतात. मला विषय हवा होता."

पायरीबाईंनी खोडरबर घेतला. आलेख दुसऱ्या सत्रात बसवले, तर भूमितीची वेळ आडवी आली. भूमिती हलवली, तर संगणकाचा तास गेला. चहावर साय धरली. त्यांना बसवेना, उभ्यानेच त्या खोडत होत्या, लिहीत होत्या. कच्च्या तयारीवर एवढा अवघड विषय, आणि ही नापास झाली तर? इतरांना ते वर्ष परत मिळतं. हिला मिळणार नव्हतं, आणि सही मात्र त्यांचीच असणार होती. त्यांना खरोखरच भीती वाटली.

"आलेखांआधी निदान संख्याशास्त्राची तोंडओळख तरी हवी. ती कुठून आणणार?"

"मी वाचून काढीन."

"काही वाचू नकोस. डोळे जपून वापर. दुपारी इथं येत जा, मी तोंडी सांगेन."

त्यांनी सही केली. मुलगी दारापर्यंत गेली आणि थांबली.

"मॅडम, तुम्ही फळ्यावर लिहिताना बोलत नाही."

"मग?"

"काही नाही. पुढे लागेल, म्हणून म्हटलं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मॅडमनी खडू उचलला. पहिली ओळ सवयीने मुकाट्याने लिहून झाली. ती त्यांनी पुसली. मग घसा खाकरून, लिहिता लिहिता मोठ्याने म्हणायला लागल्या, "कंसात क्षचा वर्ग... अधिक दोन क्ष... कंस पूर्ण..." स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटत होता.

मागच्या बाकावर खसखस पिकली. "मॅडमना वाचा फुटली रे!"

त्या गर्रकन वळल्या. पुढच्या बाकावर कालची ती मुलगी पेन खाली ठेवून बसली होती, डोळे घट्ट मिटून. ओठ हलत होते. आतापासूनच सवय करून घेत होती.

"डोळे..." एवढं त्यांच्या तोंडून गेलं. पुढचं त्यांनी गिळलं.

त्या फळ्याकडे वळल्या आणि तीच ओळ पहिल्यापासून पुन्हा म्हणाल्या, जरा सावकाश.