दवंडीवाल्याला किल्ली नाही

मल्लेशने एंटरवर बोट ठेवलं आणि तसंच अधांतरी धरलं. "ताई, तुमीच दाबा. मागच्या टायमाला म्याच दाबलं हुतं."

"म्हनूनच आजबी तूच दाब," मी म्हणाले.

माझ्या मागे गौरीशंकर सर हाताची घडी घालून उभे. कंपनी त्यांची, धाराशिवात बियाणांच्या दुकानावरच्या तीन खोल्या. ही बाई आज पुन्हा घोळ घालणार, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. घालते कशाची! पण आधी मागचं सांगायला हवं.

आमच्याकडे एकाच सर्व्हरवर दोन गट आपापले प्रोग्राम ठेवतात. मल्लेशचा गट ऊसतोडणीच्या पाळ्यांचा, अयोध्याचा दूध संकलनाचा. कुणी नवीन काम चढवलं की एक छोटी स्क्रिप्ट आपोआप चालते आणि त्याने लिहिलेली टीप सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवते. ती स्क्रिप्ट मी लिहिलेली. सर्व्हर सांभाळायचं कामही सहा वर्षं माझंच. त्याचा पंखा घरघरला तर वर्षाराणीला एस.टी.त बसल्या बसल्या कळतं, असं सगळे चिडवायचे आणि मला ते आवडायचं.

श्रावणात मल्लेशने टिपेत सहकाऱ्यांना लिहिलं, की तपासण्याआधी जुनी फोल्डरं पुसून घ्या. पुसायचा आदेशही तिथेच लिहून दिला. बिचाऱ्याने मदत म्हणून दिला. माझी दीडशहाणी स्क्रिप्ट टीप नुसती पोचवायची सोडून तो आदेशच पाळून बसली, तोही भलत्याच जागी. आणि मी तिला अख्ख्या सर्व्हरचे अधिकार देऊन ठेवलेले. उगीच काम अडायला नको, सगळी आपलीच तर माणसं! अयोध्याच्या गटाचं अकरा दिवसांचं काम गेलं. राखून ठेवलेली प्रत होती ती त्याच्याही आधीची. अयोध्या भांडली नाही, नुसती पडद्याकडे बघत बसली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

सरांनी सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. दसऱ्यानंतर बाहेरची एक कंपनी सर्व्हर बघेल, तुम्ही टायपिंगला बसा, असं म्हणाले. मी दसऱ्यापर्यंतची मुदत तेवढी मागून घेतली.

संध्याकाळी येडशीला घरी आले आणि अण्णांपुढे रडले. माझे वडील गोरोबा गावचे कोतवाल होते. तीस वर्षं हलगी वाजवत गावात दवंडी दिली. सर्व्हर म्हणजे काय ते त्यांना अजून नीट कळत नाही, पण भाकरी मोडता मोडता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कागदावर 'बिबट्या दिसलाय, गुरं आत बांधा' असं असलं, तर म्या ते वाचून दाखवायचो," ते म्हणाले. "लोकांच्या गोठ्यात शिरून गुरं बांधत न्हाय बसायचो. आन् चावडीची किल्ली तू दवंडीवाल्याच्या कमरंला कशापायी अडकवलीस?"

माझा घास हातातच राहिला. चार वर्षं कॉलेजात घासून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते कालवणाच्या वाटीपुढे शिरलं.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. स्क्रिप्टसाठी वेगळं खातं केलं. तिने टीप वाचायची, ठरलेल्या नंबरांवर पाठवायची, बस्स. कुणाच्या फोल्डराला हात लावायचा नाही. टिपेत काहीही लिहिलेलं असो, तो नुसता मजकूर. दहा सेकंदांत काम झालं नाही तर सर्व्हरने तिला बंद करायचं. आणि अण्णा दवंडी आधी चावडीत म्हणून दाखवायचे, मगच गावात निघायचे. तसं प्रत्येक बदल आधी वेगळ्या मशीनवर चालवायचा. ही नवी स्क्रिप्ट तिथे मी अकरा वेळा चालवली. दर वेळी किल्ली सरांकडे मागायची आणि परत नेऊन द्यायची. लाज गिळली आणि दिली.

मग मीच सरांना म्हणाले, की मल्लेशची तीच टीप, त्याच आदेशासकट, खऱ्या सर्व्हरवर चढवू. सकाळीच सगळ्या कामाची नवी प्रत काढली, ती उघडून तपासलीही. आता मी तितकी खुळी राहिलेली नाही.

मल्लेशने डोळे मिटून एंटर दाबलं.

आधी अयोध्याचा फोन वाजला, मग सरांचा, मग सगळ्यांचे. टीप अक्षरन् अक्षर आली होती. पुसायचा आदेशही तिच्यात होता, पण नुसता वाचण्यापुरता. अयोध्याने धावत जाऊन आपलं फोल्डर उघडलं. एकेक फाईल मोजली, पुन्हा मोजली.

"समदं हाय," ती म्हणाली आणि खुर्चीत बसून हसायला लागली.

सरांचा जीव अजून भांड्यात पडला नव्हता. स्क्रिप्टच बिघडली तर, असं त्यांनी विचारलं. मी त्याचीच वाट बघत होते. स्क्रिप्टच्या खात्यातून अयोध्याची एक फाईल पुसायचा आदेश मी स्वतः टाईप केला. पडद्यावर सर्व्हरचं उत्तर आलं: परवानगी नाही. आयुष्यात हे दोन शब्द मी कितीदा ऐकलेत, पण त्या दिवशी मात्र आनंदाने माझे डोळे भरून आले. मी जिंकले होते, आणि ते लपवायची मला काही गरज वाटली नाही.

सरांनी बाहेरच्या कंपनीला तिथूनच फोन लावला. "राहू द्या. आमचं मानूस हाय आमच्याकडं," एवढंच म्हणाले. खिशातून किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

घरी आले तेव्हा अण्णा उंबऱ्यात बसले होते. "चावडीत आधी म्हनून दाखवलंस का?" त्यांनी विचारलं.

"अकरा येळा."

मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "दवंडीवाल्याची?"

"न्हाय अण्णा. माझी."

ते उठले. टॉवेलाच्या टोकाने किल्ली पुसली आणि भिंतीवरच्या खिळ्याला, जिथे त्यांचा कोतवालीचा पितळी बिल्ला लटकतो, त्याच्या शेजारी अडकवली. मग बिल्ला थोडा मागे सारला, सकाळी निघताना किल्ली माझ्या हाताला आधी लागावी म्हणून.