डावी मूठ

त्या दुपारी माझ्या नवऱ्याने आणि लेकीने दुकानात असा आवाज चढवला, की मंगळवार पेठेतली गिऱ्हाइकं भांडी बघायची सोडून भांडण बघत उभी राहिली.

"एक्स-रे टेक्निशियन? दोन वर्सांचा कोर्स?" हे ओरडले. "फोटोच काढायचं हायत तर स्टुडिओ टाक की! गुरुसिद्ध भांडीवाल्याची पोरगी डॉक्टर व्हणार म्हणून गावभर सांगितलंय मी."

"तुमी सांगितलंय, मी न्हाय," सौंदर्या म्हणाली. "दोनदा परीक्षा दिली, दोनदा आपटलो. आता तिसऱ्यांदा न्हाय. मला ह्येच करायचं हाय, अप्पा. आज पाचला ॲडमिशन बंद हुतंय."

कळंब्याच्या रस्त्यावरच्या त्या कॉलेजात माझी सही चालली असती. पण अप्पा हो म्हणाल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, हा पोरीचा हट्ट. बाप हट्टी, लेक दुप्पट हट्टी आणि मध्ये भरडले जाते मी.

रागाच्या भरात हे वरच्या फळीवरचा हंडा काढायला स्टुलावर चढले. स्टूल सरकलं आणि हे छातीवर, काउंटरच्या कोपऱ्यावर आदळले.

आम्ही मायलेकींनी ह्यांना रिक्षात घातलं. रिक्षातच ह्यांना धाप लागली. दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ निळे पडायला लागले होते.

"बरगडी मोडून फुफ्फुसाला लागलंय असं वाटतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी छातीचा फोटो. लवकर."

एक्स-रेच्या खोलीत पिराजी नावाचा माणूस मशीन चालवत होता. त्याने ह्यांच्या गळ्याकडे बोट केलं. "पावणं, ती चांदीची डबी काढा. फोटोत आडवी येती."

ती डबी म्हणजे ह्यांची करडगी. तिच्यात इष्टलिंग. आम्हा लिंगायतांत ते अंगावेगळं करत नाहीत, आणि ह्यांनी तर झोपेतही कधी केलेलं नाही.

"न्हाय काढणार," हे कसेबसे म्हणाले.

"अवो, जीव जाईल!" मी ओरडले.

"जाऊ दे."

मला असा संताप आला! देवाचा नाही, ह्या माणसाचा. शिव्या मागाहून खाईन, म्हटलं, आणि ट्रेमधली कात्री उचलून गळ्यातल्या दोऱ्याला हात घातला. ह्यांनी माझं मनगट धरलं. त्या पकडीत जोरच नव्हता. तेव्हा मी खरी भ्याले.

"अव्वा, ठेव कात्री." सौंदर्या मध्ये आली आणि बापाजवळ वाकली. "अप्पा, सकाळी पूजेला बसता तवा लिंग कुठं असतंय?"

"हातात."

"मग तसंच घ्या. डाव्या तळहातावर. आन् हात बाजूला, लांब धरा. डबी तेवढी माझ्याकडं द्या. लिंग तुमच्या अंगावरच ऱ्हातंय."

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. वाटलं, आताही नाहीच म्हणणार. मग बोटं करडगीकडे गेली. लिंग तळहातावर आलं, मूठ मिटली. रिकामी डबी सौंदर्याने ओढणीच्या टोकाला बांधली.

"श्वास धरा," पिराजी म्हणाला.

श्वास होताच कुठे धरायला! तरी फोटो निघाला. छातीत हवा साठून एक फुफ्फुस दबलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बरगड्यांमधून नळी घातली आणि हळूहळू ह्यांच्या ओठांवर रंग परतला. मी भिंतीला टेकून सगळ्यांसमोर रडले.

सौंदर्या पायथ्याशी उभी होती. घड्याळाकडे मुद्दाम बघत नव्हती.

"अजून त्येच करायचं हाय?" ह्यांनी विचारलं.

"व्हय."

नळीखालच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत राहिले. हे ते बघत राहिले.

"मग हितं काय करतीस? पाच वाजायला आल्यात. पळ की."

मी तिच्या पर्समधल्या ॲडमिशनच्या कागदावर घाईघाईने सही केली आणि ती खरंच पळाली.

थोड्या वेळाने नर्स बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायला आली. तिने जवळचा डावा हात मागितला, ह्यांनी डावी मूठ तशीच मिटून उजवा पुढे केला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. डबी पोरीच्या ओढणीला आणि पोरगी कळंब्याच्या वाटेवर.

"फोन करून माघारी बोलवू?"

"खुळी हायस काय?" हे म्हणाले. "ॲडमिशन घिऊन येऊ दे तिला."

ती ॲडमिशन घेऊन दिवेलागणीला आली. तोवर ह्यांची बोटं पार आखडून गेली होती. सौंदर्यानेच ती एकेक करून सोडवली.