खुर्चीच्या हातावरची मऊ पट्टी

"मेली ही खुर्ची अगदी माझ्या सासूसारखी आहे. बसावं तर टोचते, उठावं तर कुरकुरते."

माझ्यावर बसता बसता एक आजी पुटपुटल्या. टोचण्याचा आरोप मला मान्य नाही, पण कुरकुरते हे खरं. वयच झालंय.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण शाळेतली नव्हे आणि दिवाणखान्यातलीही नव्हे. माझ्या बैठकीला मधोमध मोठं भोक आहे, त्याखाली स्टीलचं भांडं आहे आणि पायांना चाकं आहेत. दवाखान्यात ज्यांना संडासापर्यंत चालवत नाही, त्यांच्याकडे मी स्वतः जाते. हसलात ना? हसा. गरज पडेपर्यंत सगळेच हसतात.

नळ्या वाकवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझी भावंडं कुणी बागेतला झोपाळा झाली, कुणी दुकानातली उंच खुर्ची. माझ्या नशिबी हे आलं. पण ज्या कारागिरानं मला जोडलं, त्यानं माझी एकेक कड हात फिरवून पाहिली आणि जिथे खरखरीत लागलं तिथे पुन्हा घासली. आजारी माणसाची कातडी कागदासारखी असते, हे त्याला कसं ठाऊक होतं कोण जाणे.

दवाखान्यात मी आले तेव्हा माझी बैठक निळीशार होती. वॉर्डातल्या मावशी मला ढकलत खाटेपाशी नेत आणि म्हणत, "चला, डबल बेल!" लाजेनं अर्धमेला झालेला माणूसही हसायचा. माझी खरी कमाई तीच. कुणाला चादर खराब होण्याआधी गाठलं, कुणाचं रडू थांबवलं. मावशी माझं भांडं असं घासत की त्यात तोंड दिसावं. बैठकही पुसत. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर नव्या मुलींना सांगत, "भांडं बघा आणि शिका."

वर्षं गेली. माझ्या दोन्ही हातांवरचं प्लास्टिक तडकलं. एकदा एका बाबांचं कोपर त्यात अडकून सोलवटलं. नवी खुर्ची मागवली होती, पण मागवलेली वस्तू आणि आलेली वस्तू यांत किती अंतर असतं ते मोठ्या माणसांना विचारा. शेवटी मोठ्या सिस्टरनी घरून जुन्या गादीतला स्पंज आणला. माझ्या हातांवर तो गुंडाळला आणि वरून बँडेजची पट्टी आवळून बांधली, जखमेवर बांधावी तशी. ज्यानं हात टेकला तो म्हणाला, आहाहा. सगळे म्हणाले, सिस्टर म्हणजे आईच. मलाही तसंच वाटलं. आजवर माझ्यावर सगळे बसले होते, पण माझी मलमपट्टी कुणी केली नव्हती.

मग कोपऱ्यातल्या खाटेवर एक ट्रकवाला आला. पायाची जखम चिघळली होती म्हणून त्याला जोराची अँटिबायोटिक औषधं चालू होती. त्याला जुलाब लागले. पातळ, वारंवार आणि विचित्र वासाचे. "गोळ्यांची उष्णता," असं सगळे म्हणाले. मी दिवसभर त्याच्या खाटेशी ये-जा करत राहिले. तो माझे हात घट्ट धरून बसायचा आणि म्हणायचा, घाटात स्टिअरिंगसुद्धा इतकं धरलं नव्हतं. पुढे तो बरा होऊन घरी गेला.

आमचा वॉर्ड बायका-पुरुषांचा एकच होता. त्यानंतर आल्या त्या सासूवाल्या आजी. जन्मभर त्यांनी शाळेच्या पोरांचे गणवेश शिवले होते. घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, मग छातीत कफ झाला म्हणून अँटिबायोटिकं सुरू झाली. त्यांची एकुलती एक लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकान सुटलं की थर्मासमध्ये सूप घेऊन धावत यायची. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी आजींना शिकवलं होतं, दोन्ही हात खुर्चीवर दाबायचे आणि मग उठायचं. आजी शहाण्या विद्यार्थिनीसारख्या माझ्या मऊ पट्ट्या दाबून उठायच्या. खाटेवर परतल्या की त्याच हातांनी बिस्किट खायच्या. भिंतीवर हाताला चोळायच्या औषधाची बाटली होती. येता-जाता सगळे ती दाबत. आजींनाही कुणीतरी दोन थेंब द्यायचं. हात थंड व्हायचे, छान वास यायचा, आणि सगळ्यांना वाटायचं, झाले स्वच्छ.

आजींना जुलाब लागले.

डॉक्टर आले, त्यांनी लेकीला विचारलं, घरून काय आणलं होतं? वॉर्डबॉय मामा आले, त्यांनीही तेच विचारलं. शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्यांनी तर न विचारताच सांगून टाकलं की बाहेरचं असंच बाधतं. लेकीचा चेहरा उतरला. संध्याकाळी तिनं आईला माझ्यावर बसवलं, समोर गुडघ्यांवर बसली आणि हळूच म्हणाली की ते सूप आदल्या दिवशीचं होतं, कामावरून उशीर झाला म्हणून नुसतं गरम करून आणलं होतं.

आजींनी माझा हात सोडून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या सूपनं कुणाला काय होणार गं? धड मीठसुद्धा नसतं त्यात."

लेक हसली नाही. त्या दिवसापासून तिनं सूप आणणं बंद केलं.

मग आजींच्या समोरच्या खाटेवरचे, माझ्यावरच बसणारे चित्रकलेचे मास्तर आणखी आजारी पडले. त्यांना घरून कुणी काहीच आणत नव्हतं, कारण घरी कुणी नव्हतं. तरीही त्यांना तेच जुलाब, तोच वास. हे सगळ्यांच्या लक्षात आलं, तरी सूपवरचा ठपका तसाच राहिला. आजींचं पोट फुगलं, ताप चढला, कपडे शिवणारे ते हात सुईसारखे बारीक झाले. त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं, औषध बदललं. पण वय, मोडलेलं हाड आणि आटलेलं अंग. आजी त्या खोलीतून परत आल्या नाहीत.

मोठ्या डॉक्टरांनी लेकीला सांगितलं, वय झालं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण अर्धं दार उघडून आपण उभे राहतो ना, तसं ते सांगणं होतं. लेकीनं विचारलं, सूप बाधलं का? डॉक्टर म्हणाले, आता तो विचार करू नका. मित्रांनो, 'नाही' म्हणायला याहून कमी शब्द लागले असते.

त्यानंतर तपासणी विभागाच्या डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. ट्रकवाला, आजी आणि मास्तर, तिघांच्या विष्ठेचे त्या त्या वेळी घेऊन ठेवलेले नमुने त्यांनी तपासले होते. त्या म्हणाल्या, हा सी-डिफ नावाचा जंतू आहे. जोराची औषधं पोटातले चांगले जंतू मारतात आणि मग रिकाम्या घरात चोर शिरावा तसा हा आतड्यात शिरतो. याची बी इतकी चिवट, की हाताला चोळायच्या औषधानं मरत नाही. साबणानं खळखळून धुतलं तरच हातावरून निघते, आणि वस्तूंवर ब्लीचच लागतं. शिवाय जंतूंचीही घराणी असतात. तिघांची घराणी वेगळी निघाली असती, तर ज्यानं त्यानं आपलं दुखणं बाहेरून आणलं म्हणता आलं असतं. पण तिघांचं घराणं एकच होतं. म्हणजे ते इथेच, या खोलीत, एकाकडून दुसऱ्याकडे गेलं होतं.

सगळे माझ्या भांड्याकडे बघायला लागले. भांडं लखलखत होतं. मग डॉक्टरीणबाईंनी एक ओली कापसाची काडी घेतली आणि माझ्या हातावरच्या पट्टीवरून, स्पंजच्या घडीतून, आतपर्यंत फिरवली. मोठ्या सिस्टर बाजूलाच उभ्या होत्या. स्पंज धुता येत नाही, हे त्यांना त्या क्षणी कुणी सांगायची गरज नव्हती. काही दिवसांनी उत्तर आलं. माझ्या हातातही तेच घराणं राहत होतं.

मी लोखंडाची आहे, मला जंतू दिसत नाहीत. पण ज्या मऊपणाचा मला इतका अभिमान होता, तोच आजींनी रोज दोन्ही हातांनी दाबला होता.

आता वॉर्डात बेसिनपाशी साबण आहे आणि आजाऱ्यांचेही हात धुतले जातात. जुलाबाच्या माणसाला वेगळी खोली आणि वेगळी खुर्ची मिळते. मास्तर वाचले. मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. घाण दिसते तिथे सगळेच घासतात. तुम्ही जिथे हात लागतो तेही धूत जा. आणि आजाऱ्याच्या हातात बिस्किट देण्याआधी त्याचे हात साबणानं धुवा. लाड त्यानंतर करा.

मला मागच्या अंगणात, कचऱ्याच्या मोठ्या डब्याशेजारी उभं केलंय. माझ्या पाठीवर चिठ्ठी आहे, हात लावू नये. उद्या मला न्यायला येतील. आज मोठ्या सिस्टर मला बघायला आल्या. हातमोजे घालून आल्या, आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात आजींची लेक आली. मृत्यूचा दाखला घ्यायला आली असावी. तिला बघून वॉर्डातले लोक हल्ली दुसऱ्या जिन्यानं जातात. तिच्या हातात थर्मास होता. तिनं कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं.

सिस्टर म्हणाल्या, "अहो, चांगला आहे की तो."

"नको," लेक म्हणाली. "यातूनच दिलं मी तिला. घरात ठेववत नाही."

सिस्टरना तिथून जाता आलं असतं. जिना दोन पावलांवर होता. त्यांनी हातमोजे काढून डब्यात टाकले, नळापाशी जाऊन साबणानं हात धुतले, आणि त्या ओल्या हातांनी लेकीचं मनगट धरलं.

"तुमच्या सूपनं काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "आईंना हा आजार आमच्याकडे लागला. या खुर्चीच्या हातांवरून. ती पट्टी मी बांधली होती."